उद्घाटनापुरतं पाणी

वडीगोद्रीत होडी आली ती हायवेनं, कांद्याच्या टेम्पोवर उताणी पडून. ज्या जिल्ह्यात माणसाची निम्मी हयात टँकरच्या नळीकडं बघण्यात जाते तिथं होडी रस्त्यानंच येणार. तिच्यासाठी दुसरी वाट कोणी ठेवलेली नाही. हॉटेलवरच्या मंडळींनी हातातल्या बशा खाली ठेवल्या. एकानं ठरवलं, म्हशीची गव्हाण आहे. दुसऱ्यानं सोलरची टाकी म्हणून निकाल दिला. तिसरा रोज पेपर मोठ्यानं वाचतो आणि त्यामुळं जाणकार समजला जातो. तो हलक्या आवाजात म्हणाला, "इमानाचा तुकडा हाय. बातमी दाबून ठिवली असंल."

टेम्पोच्या खिडकीतून इंद्रभान सरांनी डोकं बाहेर काढलं. "होडी आहे, होडी!"

"बरं. आन् पाणी मागून येऊन राह्यलंय का?"

सगळे हसले. सरांनी काच वर केली. काच अर्ध्यावरच अडकली, त्यामुळं उरलेलं हसू आत आलं.

इंद्रभान सर शाळेत भूगोल शिकवत. निळ्या खडूनं फळ्यावर समुद्रप्रवाह असे काढत, की शेवटच्या बाकावरची पोरं पाय वर घेऊन बसत. स्वतः सर मात्र हौदापेक्षा मोठ्या पाण्यावर कधी गेले नव्हते. विज्ञानाचे संघपाल सर त्यांचे जिगरी दोस्त. संघपालच्या मेव्हण्याची पुण्यातल्या एका वल्हे क्लबात ओळख होती. त्या क्लबनं नव्या होड्या घेतल्या आणि ही जुनी, पिवळी, फायबरची, दोन जागांची होडी अडगळीत टाकली. संघपालनं ही गोष्ट मधल्या सुट्टीत सहज सांगितली. मध्यमवर्गी माणसाचा खरा घात मधल्या सुट्टीत सहज सांगितलेल्या गोष्टींनीच होतो.

कारण यंदा खडकतळं भरलं होतं. नुसतं भरलं नव्हतं, सांडव्यावरून खळाळत वाहिलं होतं. गावापासून तळं लांब नाही, मोटारसायकलवर एक पान चघळून होईपर्यंत येतं. तळ्याच्या मधोमध म्हसोबाचा दगड आहे. पाणी चढलं की देव पाण्याखाली जातो, उतरलं की वर येतो. त्याचा शेंदूर दरवर्षी धुऊन जातो आणि दरवर्षी नवा लागतो. दसऱ्याच्या सुमाराला सर बांधावर उभे राहिले तेव्हा देव दिसत नव्हता. त्याच्या जागी एक पांढरा ढग पाण्यात बसला होता आणि तो हलायला तयार नव्हता. बांधापासून पलीकडच्या बाभळींपर्यंत आभाळ नुसतं पसरून ठेवलं होतं. एक बगळा त्यावरून गेला. वरून एक गेला, खालून एक गेला.

सरांना फार काही नको होतं. त्या ढगापर्यंत जायचं, जिथं खाली म्हसोबा झोपलाय तिथं वल्हं थांबवायचं आणि बसायचं. खाली देव, वर आभाळ, मधे आपण, आणि पुढच्या जागेवर वर्षाराणी. जन्मात एकदा. बस.

"पुढच्या जागेवर कोण?" वर्षाराणीनं शिलाई मशिनीवरून मान वर न करता विचारलं.

"तू."

"आधी पाण्यात टाका, मंग बसते."

हे वाक्य सरांनी होकार म्हणून खिशात घातलं. वीस-बावीस वर्षांच्या संसारात इतका सरळ होकार त्यांना मिळाला नव्हता.

गल्ली अरुंद, त्यात शेजाऱ्याच्या शेळ्या होडीच्या कडा कुरतडायला लागल्या, म्हणून होडी दोर लावून गच्चीवर चढवली. दोर धरायला सगळी गल्ली आली आणि सल्लेही तिनं सोबतच आणले. नंदाबाई म्हणाल्या, पापड वाळवायला लई छान, वारा लागत न्हाई. गॅसच्या गोदामात कामाला असलेला वसंता म्हणाला, सर, विहिरीवरची मोटर बसवा, फालतू हातानं कशाला? एक म्हातारे गृहस्थ होडीला प्रदक्षिणा घालून म्हणाले, "हिच्या खाली भोकच न्हाई. आत आलेलं पाणी जानार कुठून?"

सर गच्चीवर शिकायला लागले. मोबाईलवर एक गोरा माणूस वल्हं कसं धरायचं ते दाखवायचा. सर होडीत बसायचे, मोबाईल समोरच्या रिकाम्या जागेवर टेकवायचे आणि हवेत वल्हवायचे. डावीकडं, उजवीकडं. शाळा सुटल्यावर, उन्हं कलली की, गच्चीचा काँक्रीट रंग हळूहळू निळा पडायचा. वाळत घातलेली लुगडी फुगायची. पाण्याच्या टाक्या बेटांसारख्या दूर दूर उभ्या राहायच्या. खालून जाणाऱ्या ट्रकचा आवाज लाटेसारखा यायचा आणि ओसरायचा. सर डोळे मिटायचे, आणि घर, गल्ली, पगारवाढीचा अडकलेला हप्ता, सगळं मागच्या काठावर राहून जायचं.

"सर, कुठवर आलात?" शेजारच्या गच्चीवरून वसंता ओरडायचा.

"अंबड गेलं!"

खालून स्वयंपाकघरातून वर्षाराणीचा आवाज यायचा. "मंग येताना दूध आणा!"

इथवर सगळं झकास होतं. होडी होती, पाणी होतं, वल्हवता येत होतं. दुसऱ्या दिवशी टेम्पो सांगून होडी तळ्यात टाकली असती तर ही कथा इथंच संपली असती आणि माझे तुमचे कष्ट वाचले असते. पण खडकतळ्याच्या बांधावर एक पाटी होती : पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे, हुकुमावरून. कोणाच्या हुकुमावरून, तो भाग गंजून गळून पडला होता. म्हशी वाचत नाहीत, म्हणून रोज उतरत. म्हशींची मालकीण बायनाबाई तळ्याकाठी गोठ्यातच राहायची. तिला कोणी टोकलं तर ती सांगायची, "मला कुठं वाचता येतंय?" आणि घागर भरून घ्यायची. सरांना वाचता येत होतं. शिक्षणाचा हा तोटा कोणी सांगत नाही. सर परवानगी मागायला कचेरीत गेले.

पहिल्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "होडी म्हंजे मासे. माशांचा ठेका दुसऱ्याचा हाय."

"मासे नाही धरायचे."

"मंग पाण्यात कशाला जाता?"

"बसायला."

त्यानं चष्मा काढला. "बसायला? नुसतं?"

"नुसतं."

त्यानं शेजारच्या टेबलाकडं वळून सांगितलं, "हे नुसतं बसायला चाललेत." शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला सांगितलं. सगळी कचेरी सरांकडं अशी बघायला लागली, जणू त्यांनी चारचौघांत काही अभद्र मागितलं होतं. याच कचेरीत माणसं नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत नुसती बसून असतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण पाण्यावर कोणी नुसतं बसतो म्हटलं की यांच्या पोटात कळ येते.

तिथून त्यांना दुसऱ्या कचेरीत धाडलं. तिथल्या साहेबांनी एकच प्रश्न केला. "पूर आलाय का?"

"नाही, साहेब."

"पूर आला की होडीला परवानगी लागत न्हाई. तवा आम्हीच जीप धाडून तुम्हाला नेऊ. पण पूर नसताना होडी, असं आपल्याकडं काही बसतच न्हाई, सर."

"मग पूर येईपर्यंत थांबू?"

"जालन्यात?" साहेब मोकळेपणानं हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा पाजला आणि दारापर्यंत येऊन हळूच सांगितलं, "एकट्या माणसाचं काम होत न्हाई. संस्था काढा. संस्थेला कोणी न्हाई म्हणत न्हाई."

असा क्लब निघाला. सरांना एक होडी चालवायची होती, तिच्यासाठी अकरा माणसं गोळा करावी लागली. अकरांच्या वर एक अध्यक्ष लागला, आणि अध्यक्ष म्हटल्यावर वडीगोद्रीत पुंजाराम आप्पांशिवाय दुसरं नाव निघत नाही. आप्पांचं हायवेला बियाण्यांचं दुकान. गणेश मंडळ, क्रिकेटचे सामने, वधू-वर मेळावा, जिथं खुर्ची तिथं आप्पा. ते स्वतःहून कधी मागत नाहीत, फक्त बैठकीला फेटा बांधून येतात.

जालना जिल्हा नौकानयन व वल्हे क्लबची पहिली बैठक आप्पांच्या गोदामात खताच्या पोत्यांवर बसून झाली. संघपालनं विचारलं, "पोहता कोणाकोणाला येतं?"

सगळे पोत्यांवरची छापील अक्षरं वाचायला लागले. शेवटी खजिनदार म्हणाले, "माझ्या साडूला येतं."

"साडू मेंबर हायेत का?"

"न्हाई. ते नाशिकला असतेत."

"चला," संघपाल म्हणाला, "बुडालो तर नाशिकला फोन लावू."

क्लबचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला आणि कामाला नुसता ऊत आला. अध्यक्षांची निवड झाली म्हणून अध्यक्षांचा सत्कार. सत्कार घडवून आणला म्हणून सचिवांचा सत्कार. उपाध्यक्षांच्या आत्याबाई वारल्या, त्यांना क्लबतर्फे श्रद्धांजली, खाली होडीचं चित्र. बांधावर वृक्षारोपण झालं आणि ती झाडं बायनाबाईच्या म्हशींनी फोटो ग्रुपवर पडायच्या आत खाल्ली. राजूरच्या गणपतीला क्लबतर्फे अभिषेक झाला. सर्वांनी लाईफ जॅकेट घालून देवळापुढं फोटो काढला आणि दर्शनाच्या रांगेतल्या बायांनी त्यांना रस्त्याचं काम करणारे मजूर समजून गावाकडचे खड्डे दाखवले. पेपरात बातमी आली : नौकानयन क्लबची घोडदौड. तोवर एकाही माणसाचा एकही पाय भिजलेला नव्हता.

परवानगी मात्र आली. आप्पांनी एक फोन केला आणि आली. ज्या कागदासाठी सरांनी चपला झिजवल्या तो आप्पांच्या दुकानात कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांसोबत येऊन पडला. सरांचा अपमान झाला, पण तो त्यांनी गिळला, कारण पाणी अजून काठोकाठ होतं. ते धावतच दुकानात गेले.

"आप्पा, उद्या सकाळी टाकू पाण्यात?"

आप्पांनी त्यांच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "उद्घाटन?"

"ते होईल हो सावकाश. आधी एकदा बसून तर बघतो."

"सर, तुम्ही शिकलेली माणसं. वास्तुशांतीच्या आधी घरात झोपता का? नव्या ट्रॅक्टरला नारळ फोडल्याबिगर चावी लावता का? पाहुणे येनार, पहिल्यांदा पाहुणे बसनार. तुम्ही आधी बसून घेतलं तर काय उष्ट्या होडीत बसवायचं भाऊला?"

उष्टी होडी. पुण्याच्या क्लबातली सत्राशे माणसं तिच्यात बसून गेली होती हे त्यांच्या ओठावर आलं होतं, पण आप्पांनी तोवर भाऊंना फोन लावला होता.

भाऊ म्हणजे पुढारी. जिल्ह्यातल्या कोणत्याही फितीला भाऊंच्या हातची कात्री लागते. भाऊंनी तारीख दिली. होडी गच्चीवरून उतरवून तळ्याकाठी बायनाबाईच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली नेऊन ठेवली. मांडववाल्याला सांगितलं. आदल्या दिवशी भाऊंना मुंबईला जावं लागलं. दुसरी तारीख दिली, तेव्हा एक मोठं लग्न निघालं. तिसरी तारीख दिली आणि निवडणुका लागल्या.

"आचारसंहिता," आप्पांनी ग्रुपवर आवाज टाकला. "मतं पडूस्तोवर फीत कापता येत न्हाई. कोणीही होडीला हात लावू नये. हुकुमावरून."

आणि पाट सुटला. गव्हाला, हरभऱ्याला, मोसंबीला पाणी गेलं. ते जायलाच हवं होतं, सरांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. पण रोज शाळेतून येताना ते मोटारसायकल बांधाकडं वळवायचे, आणि रोज काठ थोडा आत सरकलेला असायचा. कोणी झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण हळूच ओढत न्यावं तसं. पाण्यातला ढग आता पूर्ण मावत नव्हता.

"म्हसोबाचं टाळकं दिसाया लागलं, मास्तर," बायनाबाई सांगायची. पुढच्या आठवड्यात, "गळ्याला आलं बघ पानी." मग, "खांदं उघडं पडलं देवाचं."

सर मान हलवायचे आणि ताडपत्रीचं टोक उचलून होडीकडं बघायचे. आत पुढची जागा तशीच रिकामी.

एका धुक्याच्या सकाळी त्यांना राहवलं नाही. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. पलीकडचा काठच नाहीसा झाला होता, त्यामुळं कमी झालेलं तळं पुन्हा अथांग दिसत होतं. आतून कुठून तरी टिटवी ओरडली. सरांनी ताडपत्री काढली, होडी ओढत नेली आणि तिचं नाक पाण्यात ढकललं. होडी हलकी झाली. हाताखाली ती जिवंत जनावरासारखी थरथरली. सरांनी चप्पल काढली, पँट वर दुमडली, एक पाय होडीत ठेवला. आणि त्यांना ग्रुप आठवला, हेडमास्तर आठवले, पेपरात नाव येईल ते आठवलं. शिक्षकानं केली होडी उष्टी.

मागून बायनाबाईचा आवाज आला. "बस की रं मास्तर. कोनाची वाट बघून राह्यला?"

"उद्घाटन नाही झालं, बाई."

"कोनाचं? पान्याचं?"

सरांनी पाय काढून घेतला. रुमालानं पुसला, चप्पल घातली, होडी परत ओढली, ताडपत्री नीट चारी बाजूंनी खोचली. मला या जागी त्यांचं बखोट धरून गदागदा हलवावंसं वाटतं. कोणी बघत नव्हतं, कोणी अडवत नव्हतं, परवानगीसुद्धा आलेली होती. तरी हा माणूस मागं फिरला, कारण आपल्यातल्या प्रत्येकाच्या छाताडावर एक आप्पा फेटा बांधून बसलेला असतो आणि तो उठ म्हणाला तरच आपण उठतो. घरी गेल्यावर वर्षाराणीनं ओला रुमाल बघितला आणि दोरीवर वाळत घातला.

निवडणुका झाल्या, गुलाल उधळला गेला, आणि भाऊंनी तारीख दिली तेव्हा शिमगा होऊन गेला होता. खडकतळ्यात म्हसोबाच्या पायाभोवती एक डबकं उरलं होतं. बाकी सगळी भेगाळलेली जमीन.

"आता कशाला घ्यायचं, आप्पा?" सर रडकुंडीला येऊन म्हणाले. "पाणी कुठंय?"

"उद्घाटनापुरतं हाय," आप्पा म्हणाले.

मांडववाल्यानं सपाट जागा बघितली आणि मांडव सरळ तळ्याच्या तळावर टाकला. निमंत्रित बांध उतरून तळ्यात आले, खुर्च्यांवर बसले. सरांना शेवटच्या रांगेत जागा मिळाली. शेजारी संघपाल आणि पलीकडं वर्षाराणी, तिची ठेवणीतली जांभळी साडी नेसून. भाऊ येईपर्यंत ऊन चांगलंच तापलं. हलगी थांबली. गुंगी यायला लागली, आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांपुढं सरांना दसऱ्याचं पाणी परत आलेलं दिसलं. ते आवाज न करता चढलं. सगळी सभा तळाशी बसून होती आणि वर, मांडवाच्या कापडाहून कितीतरी वर, पाण्याची चकाकणारी पाठ. मरळ मासे आप्पांच्या फेट्याच्या तुऱ्यातून आत-बाहेर करत होते. खजिनदारांच्या तोंडातून बुडबुडे निघत होते. सूत्रसंचालकाचा एक शब्द ऐकू येत नव्हता. आणि त्या सगळ्यावरून, दूर वर, एक पिवळी होडी पोटानं सावली पाडत संथ निघाली होती. तिच्यात दोन माणसं होती. सरांनी ती ओळखली.

"आले, आले!" संघपालनं कोपर मारलं.

भाऊ आले. भाऊंचा सत्कार झाला, भाऊंसोबत आलेल्यांचा झाला, राहिलेल्यांची नावं चिठ्ठीवरून वाचून त्यांचाही झाला. भाऊ म्हणाले, जालना जिल्ह्यात आपण समुद्र आणू. टाळ्या पडल्या. मग सगळे होडीकडं गेले. होडीला हार घातला होता, हळद-कुंकू लावलं होतं. चाकाखाली लिंबू ठेवायचं तर चाक सापडेना, म्हणून लिंबू वल्ह्याखाली ठेवलं होतं.

आप्पांनी भाऊंच्या हाती नारळ दिला. "हिच्या नाकावर, भाऊ."

"आप्पा, थांबा!" सर गर्दीतून घुसले. "फायबर आहे ते. दगडावर फोडा, खाली दगड आहे इथं."

"सर, ट्रॅक्टरवर आपण कुठं फोडतो? दगडावर का ट्रॅक्टरवर?"

"ट्रॅक्टर लोखंडी असतो हो!"

"मान कोणाला हाय? दगडाला का होडीला?"

भाऊंनी नारळ आपटला. फुटला नाही. लोक हसल्यासारखं वाटलं म्हणून भाऊंनी दुसऱ्यांदा जोरात आपटला. तरी नाही. आता भाऊंच्या इज्जतीचा प्रश्न होता, निवडून आलेला माणूस होता. त्यांनी बाह्या सरसावल्या, दोन्ही हातांनी नारळ डोक्याच्या वर नेला आणि खाली आणला. ताडकन आवाज आला. हलगी वाजली, फटाके फुटले, जयजयकार झाला. नारळ भाऊंच्या हातात जसाच्या तसा, शेंडीसकट शाबूत होता. होडीच्या नाकाला मात्र हात जाईल एवढी चीर पडली होती.

"नारळ मजबूत निघाला," संघपाल म्हणाला. "मी काही नारळ फोडत न्हाई, पण हा फुटला असता तर खाल्ला असता."

भाऊंनी वल्हं उलटं धरून फोटो काढला. होडीत बसले नाहीत, पँट इस्त्रीची होती. गाड्या धुरळा उडवत गेल्या. मागोमाग सगळी सभा बांधावर जिलबी-मठ्ठ्याला गेली. तळ्याच्या तळाशी उरल्या रिकाम्या खुर्च्या, होडी, आणि होडीपुढं उभे इंद्रभान सर.

त्यांनी आधी चिरेवरून हात फिरवला. मग हार काढला. तो बायनाबाईच्या म्हशीनं लगेच मागून घेतला. मग इकडं तिकडं न बघता सरांनी होडी खेचायला सुरुवात केली. भेगांवरून ती खडखडत गेली, चिखलावरून घसरली आणि डबक्यात शिरताच एकदम गप्प झाली. सर आत चढले आणि अगदी मागच्या टोकाला बसले. नाक वर उचललं गेलं, चीर पाण्याच्या वर राहिली. त्यांनी वल्हं टेकवून एक ढकल दिली.

होडी तरंगली.

पाणी पिंडरीएवढं होतं. गढूळ, कोमट, म्हशींनी घुसळलेलं. पण उन्हं कलली होती आणि त्या पाण्यावर सोनं पसरलं होतं. होडी म्हसोबाच्या बाजूनं वळली, त्याला आरामात एक फेरी घातली. सरांनी वल्हं थांबवलं. वल्ह्याच्या टोकावरून थेंब गळाले, टप, टप. तेवढाच आवाज. गच्चीवर हा आवाज नव्हता, आणि याच आवाजासाठी आपण इतके दिवस जीव टाकत होतो हे सरांना आत्ता कळलं.

"सर!" बांधावरून आप्पा माईकवर ओरडले. "सर, बाहेर या! अध्यक्ष अजून बसायचे हायेत!"

सरांनी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा नाही ऐकलं.

"सर, उतरा आन् चालत या! गुडघ्याएवढं बी न्हाई!" आणखी कोणीतरी ओरडलं, आणि बांधावर हशा उठला. जिलबीच्या पत्रावळी हातात घेऊन सगळं गाव बघत होतं. सरांची कानशिलं तापली. पाय होडीबाहेर पडायला निघालाच होता, तेवढ्यात चिखलात चपक् चपक् वाजलं. वर्षाराणी येत होती. जांभळ्या साडीचा ओचा एका हातात, चपला दुसऱ्या हातात. आता ही कान धरून घरी नेणार, सगळ्या गावासमोर. सरांनी मान खाली घातली.

ती होडीला हात लावून उभी राहिली.

"टाकली ना पाण्यात?"

"टाकली."

"मंग सरळ धरा. बसते."

"अगं, पुढं बसू नको, चीर आहे—"

ती बसली होती. पुढच्या जागेवर, पदर खोचून, पाठ ताठ करून. होडीचं नाक खाली आलं, चीर पाण्यात गेली आणि तळं शांतपणे आत यायला लागलं. आधी तिच्या टाचांना लागलं, मग सरांच्या. पिवळी होडी हळूहळू भरली आणि बुडाली. बुडायला तिला वीतभरच जागा होती. ती तळाला टेकली, आणि दोघं कमरेपर्यंत कोमट पाण्यात, म्हसोबाच्या शेजारी बसून राहिली. जांभळ्या साडीचा पदर सुटून पाण्यावर पसरला. एका म्हशीनं नाक वर काढून दोघांकडं बघितलं आणि परत डोळे मिटले.

"वल्हवा की," वर्षाराणी म्हणाली.

सर वल्हवायला लागले. डावीकडं, उजवीकडं. होडी जागची हलत नव्हती, पण पाणी हलत होतं, आणि पाण्यातलं केशरी आभाळ त्यांच्या दोन्ही बाजूंनी मागं मागं निघालं होतं.

बांधावर माईक आता वसंताच्या हातात आला होता.

"सर! कुठवर आलात?"

सरांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी पुढच्या जागेवरून, मागं वळून न बघता, वर्षाराणीनं खणखणीत आवाजात ओरडून सांगितलं,

"पोचलो!"